ईडलिंबाचं तेल आणि वाकडी करंगळी

वन्सं, तुमच्या तेराव्याचं जेवण चांगलं झालं. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतंत. वालाचं बिरडं थोडं तिखट झालं होतं, पण खीर जमली. भाऊजी नीट जेवले. मध्येच सवयीनं म्हणाले, "कुसुम, मीठ दे," आणि मग आपणच उठून बरणी घेऊन आले. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत बसलो.

त्यालाही आता पाच दिवस झाले. मी पेणहून वरशाला घरी परत आले आणि रोज सकाळी दहाला माझा हात फोनकडे जातो. मी रिटायर झाल्यापासून तुमचा फोन दहाला यायचा म्हणजे यायचाच, आणि मी कपाळाला हात लावायचे, की आता ह्या बाईला काय सुचलं! "शैले, गवती चहाच्या तेलात जायफळ घातलं तर काय व्हईल गो?" तोंडाची आग व्हईल, वन्सं, असं मी ओरडून सांगायचे आणि तुम्ही ते तासाभरात करून बघायचात. परवा मी मोबाईल दोनदा हलवून बघितला, रेंज आहे की गेली म्हणून. रेंज होती.

एक गोष्ट तुमच्या तोंडावर बोलायची राहिली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चोवीस वर्षं राहिली. आता बोलते. तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, हा एक फायदा.

आपला उद्योग सुरू झाला तो शाडूच्या मातीपायी. भाऊजींचा गणपतीचा कारखाना घराला लागून. दिवसभर ओल्या मातीत हात घालून कारागिरांची कातडी सुकून तडकायची. तुम्ही खोबरेलात मेण वितळवलंत, त्यात वाळ्याचं तेल घातलंत आणि डबी कारखान्यात नेऊन ठेवलीत. आठवड्याभरात त्यांचे हात मऊ झाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या बायका दारात, "आमच्या तोंडाला लावायला काय हाय काय?" मग खाडीकडच्या मिठागरातल्या बायका आल्या. खाऱ्या पाण्यानं त्यांच्या टाचा अशा फाटलेल्या असायच्या की बघवत नसे. त्यांना तुम्ही मलम असंच द्यायचात आणि बदल्यात त्या मीठ आणून ठेवायच्या. पिशव्याच्या पिशव्या मीठ. भाऊजींनी तेराव्याला घेतलं ते त्यातलंच.

मी तेव्हा रोह्याला, धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये होते. बीएस्सी, केमिस्ट्री. हे मी माझ्या लग्नात उखाण्यात घातलं होतं असं तुम्ही सगळ्या पेणभर सांगितलंत. खोटं आहे ते. रविवारी मी एसटीनं तुमच्याकडे यायचे ते पिशवीत ड्रॉपर, मोजनळी आणि लेबलांचा गठ्ठा घेऊन. तुमची लॅब म्हणजे तुमचा कुकर. त्याची शिटी काढून तिथे नळी बसवलेली, नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवलेली, खाली काचेची बरणी. कुकरात कधी गवती चहा, कधी वाळ्याची मुळं, कधी ईडलिंबाच्या साली. वाफ गार होऊन बरणीत पाणी ठिबकायचं आणि पाण्यावर तेलाचा तवंग धरायचा. तो तुम्ही चमच्यानं असा उचलायचात की पाण्याला पत्ता लागू नये. मग संध्याकाळी त्याच कुकरात डाळ. भाऊजी वाटी नाकाशी धरून विचारायचे, "हे वरण खायचं काय तोंडाला लावायचं?"

आपलं भांडण तिथूनच. मी म्हणायचे, शंभर मिली साध्या तेलात सुगंधी तेलाचे वीस थेंब, त्याच्या वर एक नाही. हे अत्तर नव्हे, कातडी भाजेल. तुम्ही नुसतं नाक पुढे करायचात. "ह्याला कळतं." मी म्हणायचे, नवीन काही केलं की आधी कोपराच्या आत लावायचं आणि एक दिवस थांबायचं. "एक दिस? तोवर लगीन व्हऊन पोर पण व्हईल गो!" शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून तुम्ही तपासणीची जागा ठरवलीत. भाऊजींचं टक्कल. तिथे केसांची अडचण नाही आणि मालक घरातच. एकदा तुम्ही त्यांच्या डोक्यावर गवती चहाचं तेल निखळ, काही न मिसळता चोळलंत. डोकं जास्वंदीसारखं लाल! त्यात गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं आणि म्हणालं, "रंगकाम सुरू केलंत वाटतं." भाऊजी आठ दिवस टोपी घालून होते. तुमच्याशी बोलणं मात्र त्यांनी एकच दिवस सोडलं.

दुसरं भांडण सालीचं. ईडलिंबाच्या सालीचं तेल तुम्ही वाफेवरच काढायचात. "साल कच्ची दाबून काढलेलं तेल उन्हात चावतं. लोणच्याचं ईडलिंबू चिरून उन्हात बस, बघ हात कसे काळे पडतात ते." मी हसले होते. "वन्सं, हात उन्हानं काळे पडतात, लिंबानं नाही." मी पुस्तकात वाचलं होतं की उष्णतेनं वास मरतो आणि थंड दाबून काढलेलं तेल ताजं राहतं. ते खरंही होतं. फक्त त्याच्या पुढचं पान मी वाचलं नव्हतं.

मग आमच्या दिनेशचं लग्न ठरलं. माझा एकुलता एक मुलगा, तुमचा लाडका भाचा, आणि मुलगी कासू गावची, वैशाली. हळद वरशाला आमच्या अंगणात. पाट्यावर तुम्ही, कारण आत्याचा मान. आपल्याकडे आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्याचीच उष्टी हळद वाटीतून मुलीकडे जाते, तेव्हा ती हळद म्हणजे दोन घरांची. तुम्ही पहाटे न्हाऊन बसला होतात. आंबेहळद, तिळाचं तेल, आणि पदराच्या गाठीत बांधलेली तुमची वाफेवरच्या तेलाची बाटली. आणि माझ्या कमरेला खोचलेली माझी बाटली. महिनाभर मी गुपचूप ईडलिंबाच्या साली दाबत होते. लग्न माझ्या मुलाचं, तर वास माझ्या हातचा का नको, एवढंच मनात. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात. मी बारा थेंब टाकले, मोजून. वाकून वास घेतला, तर हळदीपुढे काहीच कळेना. आणि मग, वन्सं, जन्मभर थेंब थेंब करत तुमचं डोकं खाल्लेल्या ह्या बाईनं बाटली निम्मी उपडी केली.

तुम्ही आलात, नाक वर केलंत. "आज वास उग्र येतो गो."

"नवी हळद ना," मी म्हटलं.

फोटोवाल्यानं दिनेशला भर उन्हात बसवला. "लाईट मस्त हाय, उठू नका." तास, दीड तास. तुम्ही पाची बोटं हळदीत बुडवून त्याच्या उजव्या गालावर अशी ठेवलीत, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेली हळद कासूला रवाना झाली. तिकडेही अंगण होतं आणि तिकडेही फोटोवाला होता.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी दिनेशचा गाल लालसर दिसला, मला वाटलं जागरण. सत्यनारायणाच्या दिवशी सकाळी बघते तर गालावर पाच बोटं, तपकिरी, एकेक मोजून घ्या. कुणी सणसणीत थोबाडीत द्यावी तशी. आत वैशाली बसलेली, तिच्या हनुवटीवर आणि गळ्यावर तसलेच पट्टे. पूजेला कासूहून माणसं आली. विहीणबाईंनी जावयाच्या गालाकडे बघितलं, मग मुलीच्या गळ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "दोन दिसात एकमेकांना मारलं?" व्याह्यांनी दिनेशला परसदारी नेलं. "जावयबापू, आमच्या पोरीचं काय चुकलं तर आम्हाला सांगा. हात उचलायचा नाय." इकडे आमच्या माणसांनी वैशालीला घेरलं. "तू त्याला थोबाडीत मारलीस?" ती म्हणाली, "अजून तरी नाय!" त्याच दिवशी मला ती सून म्हणून आवडली, पण सांगायची वेळ नव्हती.

पूजा राहिली बाजूला. कासूची माणसं चप्पल शोधायला लागली. तेव्हा तुमच्या भावानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, चष्मा लावून दिनेशची हनुवटी ट्यूबलाईटखाली धरली. "थांबा, थांबा. ही करंगळी बघा." गालावरची पाचवी खूण टोकाशी बाहेर वळलेली. लहानपणी दारात चेंगरून तुमची उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली ती तशीच बसली. "ही तर आमच्या ताईची करंगळी!" सगळं घर हसायला लागलं. कुणी कुणाला मारलं नव्हतं. आत्यानं हळदीत काहीतरी घातलं होतं, बस्स. विहीणबाई हसता हसता रडल्या आणि पूजेला बसल्या.

तुम्ही प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होतात. तुम्ही तुमच्या करंगळीकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. एकदाच. "व्हय," तुम्ही म्हणालात, "माझंच काहीतरी चुकलं." मी मान खाली घालून द्रोणांत शिरा भरत राहिले.

त्याच आठवड्यात कंपनीतल्या आमच्या म्हाताऱ्या साहेबांना मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात बसवलंत? मॅडम, तुम्ही बीएस्सी ना?" मग नीट समजावलं. उन्हानं कातडीला डाग पाडणारा जो भाग असतो तो वाफेबरोबर येत नाही, मागे सालीतच राहतो. म्हणजे तुमचंच वाक्य, फक्त साहेबांनी टाय लावून सांगितलं. त्या रविवारी मी पेणला आले ती कबूल करायलाच आले होते. दाराशी विहीणबाई डोळ्यांपुढे आल्या. लॅबवाली सासू, एवढ्या टेंभ्यानं मिरवलेली! मी चहा प्यायले, मलमाच्या डब्या भरल्या आणि शेवटच्या एसटीनं परत गेले. माझ्या अक्षरातलं लेबल लावलेली ती बाटली मी पाट्याजवळच विसरले होते. वरशाला घरभर शोधली. मिळाली नाही. कचऱ्यात गेली असेल म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. बघा, कशासाठी ठेवली साखर!

दिनेशचा गाल तीन महिन्यांत साफ झाला. अल्बममधल्या पूजेच्या सगळ्या फोटोंत तो डावीकडून दिसतो एवढंच राहिलं. पण तुमच्या हातची हळद गेली ती गेलीच. त्यानंतर घरात जे लग्न निघालं त्यात तुम्हाला खुर्ची. "आत्या, तुम्ही लांब बसा, नवरा काळा व्हईल!" सगळे हसायचे, सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही. आणि पाटा माझ्याकडे. मी वाटायचे ती हळद, बिनतेलाची, बिनवासाची, आणि लोक म्हणायचे, काकूंची हळद एकदम सेफ. तुम्ही खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसायचात, उजवी करंगळी डाव्या मुठीत धरून. मला लाज वाटायची. दर वेळी वाटायची. आणि पंगत बसली की जायची, हेही खरं सांगते.

आता सायलीचं लग्न आलंय, दिनेश-वैशालीच्या मुलीचं. डोलवीला स्टील प्लांटच्या ऑफिसात जाते ती, तुम्ही तिला 'स्टीलबाई' म्हणायचात. गेल्या महिन्यात मी तुम्हाला बघायला आले तेव्हा तुम्ही अंथरुणात उठून बसलात. माझा हात धरलात. "शैले, सायलीची हळद मी वाटू काय गो? वाफेवरचं घालीन. उन्हात नाय बसवणार पोरीला."

माझी परवानगी मागत होतात! माझी! मी तिथेच तुमचे पाय धरायला हवे होते. मी म्हणाले, "बघू, वन्सं. आधी बऱ्या व्हा."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "बघू."

तेराव्याचं जेवण झाल्यावर भाऊजींनी तुमच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "तुमचा दोघींचा पसारा. तुम्हीच बघा." कपाट उघडलं आणि वाळ्याचा असा वास आला की मला वाटलं तुम्ही मागेच उभ्या आहात. बाटल्या, डब्या, गणपतीचे डोळे रेखायचा तो बारीक ब्रश, ज्यानं तुम्ही बायकांच्या तोंडाला लेप लावायचात आणि भाऊजी घरभर शोधायचे. सगळ्यात मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात जुन्या खणात गुंडाळलेली एक बाटली. तुमची चौथी पास मोठी मोठी अक्षरं. 'कुसुमनं केलेलं. कच्चं. उन्हात नको.'

मी म्हटलं, हे काय? वन्संनी कच्चं तेल कधी केलं? लेबल हाताला जाड लागत होतं. लॅबची सवय, कोमट पाण्याचा बोळा लावला. वरचा कागद सुटला. खाली माझं अक्षर. 'ईडलिंबू साल, थंड दाबून. शैला.'

म्हणजे पाट्याजवळ ती तुम्हालाच सापडली होती. पूजेच्या दिवशी माझ्याकडे बघितलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आणि नुसतं गप्प बसून तुमचं भागलं नाही, माझ्या नावावर तुम्ही तुमचं नाव चिकटवलंत. तेही स्वतःच्या कुलपाच्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात, खणाच्या आत. तिथे कोण बघणार होतं, वन्सं? मी कपाटापुढे फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

मग बाहेर गेले. सगळे सुपारी चघळत बसलेले. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की ते तेल माझं होतं. कुणी विश्वास ठेवेल तर शपथ! दिनेश म्हणाला, "आई, आत्या गेली म्हणून तिचं खापर आता तू फोडून घेऊ नको. तू कधी चुकतेस काय?" तुमचे भाऊ म्हणाले, "हिला त्रास होतोय, पाणी द्या कोणी." जन्मभर मी बरोबर म्हणून नाव कमावलं, आणि जन्मात एकदा चूक कबूल करते तर ऐकायला माणूस नाही! मी ओरडले, "अरे मेल्यांनो, मी चुकले म्हणते तर ऐका की!" आणि बाटली मधोमध ठेवली.

दिनेशनं लेबल वाचलं. त्याचा हात आपोआप उजव्या गालाकडे गेला. वैशाली म्हणाली, "म्हणजे माझ्या बाबांनी ह्यांना परसदारी नेऊन दम दिला, तो तुमच्यापायी?" आणि हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. "आणि आत्या एवढी वर्षं खुर्चीवर बसल्या."

कोपऱ्यातून भाऊजी म्हणाले, "मला ठाव होतं."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"नाय. ती कशाला सांगते! पण कच्चं तेल तिनं माझ्या टकलावर कधी लावलं नाय. जे माझ्या टकलावर लागलं नाय, ते तिनं केलेलंच नाय."

आख्ख्या घराला चोवीस वर्षं जे कळलं नाही, ते भाऊजींच्या टकलाला कळत होतं, वन्सं.

सायली उठून माझ्याजवळ आली. "आजी, माझी हळद आत्याआजीच्या पद्धतीनं व्हायची. वाटणार तू. आणि सावलीत बिवलीत मी बसणार नाय, मला फोटो उन्हातच पायजेत." कासूचं रक्त आहे, ऐकणार थोडंच.

भाऊजींना आम्ही थोडे दिवस वरशाला आणलंय. येताना ते कपड्यांची पिशवी विसरले पण मांडीवर तुमचा कुकर घेऊन आले, आणि तुमच्या परसातली चार ईडलिंबं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला नाही, तेव्हा मी शिटी काढली आणि नळी बसवली. किती वेळ ठेवायचं ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. विचारलं की नाक पुढे. शेवटी मीही ड्रॉपर ठेवून दिला आणि बरणीवर नाक धरून बसले. तवंग आला. अगदी एवढासा. चमच्यानं उचलताना निम्मा पाण्यात गेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लॅबवाली!"

तिळाच्या तेलात मोजून मिसळलं आणि कोपराला लावायला बाही वर केली, तर भाऊजी पुढे येऊन बसले, टोपी काढून. "माझी जागा हाय ती." मी लावलं. ते अंगणात खुर्ची टाकून भर उन्हात बसले, दोन तास, हलले नाहीत. एक दिवस थांबायचा माझा नियम, ह्या वेळेला मी तीन दिवस थांबले. रोज सकाळी चष्मा लावून बघितलं. टक्कल जसंच्या तसं, उलट जरा चकाकतंय.

आज बाटली भरली. तेल काढलं मी, पण लेबल लिहायला बसले तेव्हा माझं नाव काही लिहिलं नाही. बाटली देवापाशी ठेवली आहे, सायलीच्या हळदीपर्यंत तिथेच राहील. लेबलावर माझ्या अक्षरात लिहिलंय: 'कुसुमनं केलेलं. वाफेवरचं. उन्हात चालेल.'